दरीतील गाव

कॅनडा देशाच्या पश्चिम अंगास, पॅसिफिक महासागराला लागून, ब्रिटिश कोलंबिया नावाचा विस्तीर्ण प्रांत आहे. उंच पर्वतांच्या रांगा, त्यांमधील खोल दऱ्या आणि दऱ्यांतून वसलेली लहान लहान गावे, असे त्या प्रांताचे रूप आहे. अशाच एका दरीत काही शे वस्तीचे एक गाव होते. गावाकडे जाणारा रस्ता चांगला होता. बसगाड्या नियमाने येत-जात. शाळा होती, दुकाने होती. रहिवाशांची राहणी आसपासच्या गावांहून निराळी नव्हती. एकच गोष्ट त्या गावात नव्हती. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुधा सरळ रेषेत प्रवास करतात. वाटेत डोंगर आडवा आला की त्यांची वाट अडते. गाव दरीच्या कुशीत असल्यामुळे 1973 सालापर्यंत तेथील घरांत दूरचित्रवाणीचे नीट चित्र उमटतच नसे. शेजारच्या गावांतील मुले दररोज तासन्‌तास त्या पेटीसमोर बसत असताना या गावातील मुलांना ती पेटी केवळ ऐकून ठाऊक होती.

1973 साली गावासाठी लहरी पुढे पोहोचविणारे यंत्र बसविण्याचे ठरले. ही वार्ता ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या कानी गेली, आणि एक दुर्मीळ संधी चालून आल्याचे त्यांनी ताबडतोब ओळखले. दूरचित्रवाणीचा माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, हा प्रश्न पुष्कळांना पडला होता. परंतु तो सोडविण्याची सोय नव्हती. त्या काळापर्यंत कॅनडात जवळजवळ प्रत्येक घरी संच येऊन पोहोचला होता. जेथे संच नसे, ते कुटुंब एक तर फार गरीब असे किंवा आपल्या काही खास मतांमुळे त्यापासून दूर राहिलेले असे. अशा कुटुंबांतील मुलांत काही फरक आढळला, तरी तो संच नसल्यामुळे की गरिबीमुळे, हे कोणी सांगावे? येथे मात्र इतर सर्व बाबतींत चार गावांसारखे असलेले एक गाव केवळ डोंगर आडवा आल्यामुळे वंचित राहिले होते, आणि तेही आता फार दिवस राहणार नव्हते. संच येण्यापूर्वी एकदा व आल्यानंतर दोन वर्षांनी पुन्हा एकदा, असे त्या गावाचे निरीक्षण करता येण्याजोगे होते.

विल्यम्स आणि त्यांचे सहकारी त्वरेने कामाला लागले. एकाच गावाचे निरीक्षण करून भागले नसते, कारण दोन वर्षांत माणसे आपोआपही बदलतात, आणि देशात महागाईपासून हवामानापर्यंत इतरही पुष्कळ गोष्टी बदलतात. म्हणून तुलनेसाठी त्यांनी आणखी दोन गावे घेतली. एका गावात काही वर्षांपासून कॅनडातील एकच वाहिनी दिसत असे. दुसऱ्यात तिच्या जोडीला अमेरिकेतील मोठ्या वाहिन्याही दिसत. गावकऱ्यांच्या खासगी आयुष्याला बाधा येऊ नये म्हणून तिन्ही गावांची खरी नावे त्यांनी गुप्त ठेवली आणि त्यांना टोपणनावे दिली: वाहिनी नसलेले ते नोटेल, एक असलेले ते युनिटेल आणि पुष्कळ असलेले ते मल्टिटेल. शास्त्रज्ञांनी ठेवलेली नावे बहुधा अशीच रुक्ष असतात. या अभ्यासाचा ग्रंथ 1986 साली प्रसिद्ध झाला.

नोटेलमध्ये त्यांना काय आढळले, ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट मुलांच्या कल्पकतेची. मुलांना नेहमीच्या वापरातील एखाद्या वस्तूचे नाव सांगावयाचे आणि तिचे किती निरनिराळे उपयोग सुचतात ते विचारावयाचे, अशी ती परीक्षा होती. समजा, वस्तू वर्तमानपत्र आहे. वाचणे हा त्याचा उपयोग कोणीही सांगेल. परंतु त्याची होडी होते, टोपी होते, पुडी बांधता येते, पावसात ते डोक्यावर धरता येते, ओला जोडा त्याने वाळविता येतो. ज्याला असे जितके अधिक सुचेल तितका तो कल्पक. 1973 साली या परीक्षेत नोटेलमधील मुले इतर दोन्ही गावांतील मुलांहून सरस ठरली. दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा ती सरशी नाहीशी झाली होती. नोटेलची मुले शेजारच्या गावांच्या पंगतीस येऊन बसली होती. लहान इयत्तांतील मुलांच्या वाचनाच्या बाबतीतही साधारण असाच अनुभव आला. मुलांच्या शब्दसंग्रहात मात्र या दोन वर्षांत काही घट झालेली दिसली नाही. विरुद्ध बाजूचा पुरावाही संशोधकांनी तितक्याच प्रामाणिकपणे नोंदविला, हे येथे सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट शाळेच्या पटांगणातील. मधल्या सुटीत मुले खेळत असताना निरीक्षक एका बाजूस उभे राहत आणि कोणी कोणास ढकलले, मारले, चावा घेतला, कोणी कोणास टोचून बोलले, याची नोंद करीत. दोन वर्षांनंतरच्या नोंदींत नोटेलमधील मुलांची मारामारी आणि अपशब्द वाढलेले आढळले. मुलग्यांत वाढ झाली आणि मुलींतही झाली. मुळात आडदांड असलेल्या मुलांत झाली तशीच शांत मुलांतही झाली. इतर दोन गावांत त्याच काळात अशी वाढ दिसली नाही.

परीक्षा प्रौढांच्याही झाल्या. सहज न सुटणारी कोडी त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. कोडे न सुटणाऱ्यांपैकी नोटेलचे लोक अधिक वेळ चिकाटीने प्रयत्न करीत राहत आणि मग हार मानीत. दूरचित्रवाणी असलेल्या गावांतील लोक लवकर कंटाळत.

परंतु या सर्वांहून विचार करण्याजोगी गोष्ट होती ती गावाच्या सामाजिक जीवनाची. दूरचित्रवाणी येण्यापूर्वी नोटेलमध्ये खेळांचे सामने, नाचगाण्याचे कार्यक्रम, सामुदायिक भोजने, मंडळांच्या बैठका यांची रेलचेल असे आणि त्यांत सर्व वयांचे लोक मिसळत. आजोबांच्या वयाची माणसे आणि शाळकरी पोरे एकाच सभागृहात एकाच संध्याकाळी भेटत. संच आल्यावर ही वर्दळ रोडावली. विशेषतः वृद्ध मंडळी घराबाहेर पडेनाशी झाली. ज्या कार्यक्रमांना तरुण आणि म्हातारे दोघेही जात, तेथे आता बहुतेक एकाच वयाचे लोक दिसू लागले. गावात भांडण झाले नव्हते. कोणी कोणास येऊ नको म्हटले नव्हते. सभागृह जागच्या जागी होते. केवळ संध्याकाळचे ते दोन-तीन तास घरातील पेटीकडे वळले होते.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. दूरचित्रवाणीवर मारामारीची दृश्ये असतात म्हणून मुले मारामारी करू लागली, हे समजण्यासारखे आहे. पण कल्पकता का कमी व्हावी? संचावर तर नाना देशांची नाना दृश्ये दिसतात. त्यांनी कल्पनाशक्ती वाढावयास हवी. याचे एक उत्तर असे देण्यात येते की, हानी पडद्यावर जे दिसते त्यानेच होते असे नाही. त्या वेळात जे करावयाचे राहून जाते त्यानेही होते. दुपारी काही करण्यासारखे नसलेला मुलगा कंटाळतो. कंटाळला की इकडेतिकडे पाहतो, दोरीचा तुकडा उचलतो, शेजारच्या मुलाला हाक मारतो, आणि दोघे मिळून काहीतरी खटाटोप सुरू करतात. बहुतेक खेळांचा जन्म अशा कंटाळ्यातूनच झालेला असतो. तो रिकामा वेळ पेटीने भरून काढला की कंटाळा जातो आणि त्याबरोबर त्यातून उगवणारे सारे काही जाते. मोठ्या माणसांकडे पाहावयास मिळणे, भांडणानंतर समेट करावा लागणे, हरल्यावर पुन्हा खेळावयास जावे लागणे, या गोष्टीही अशाच रिकाम्या वेळात घडतात, आणि मनाला बळकटी येते ती बव्हंशी यांनीच.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना 1948 साली अमलात आली. तिच्यात आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोग नसणे एवढ्यावर भागविलेले नाही. शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही प्रकारच्या स्वास्थ्याचा तिने एकत्र उल्लेख केला आहे. त्यातील तिसरा शब्द वाचताना पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. नोटेलचा अनुभव ध्यानात घेतला म्हणजे तो तेथे का आला ते उमजते. त्या गावात कोणी आजारी पडले नव्हते, कोणास वेड लागले नव्हते. तरी चिकाटी, कल्पकता, शेजारधर्म यांना हळूहळू उतरती कळा लागली होती.

योगायोग असा की, ज्या वर्षी विल्यम्स यांचे सहकारी नोटेलमध्ये दुसऱ्या खेपेस परीक्षा घेत होते, त्याच वर्षी भारतातील खेड्यांत दूरचित्रवाणी निराळ्याच रीतीने अवतरली. 1 ऑगस्ट 1975 रोजी ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि तो वर्षभर चालला. अमेरिकेने एटीएस-6 हा आपला उपग्रह त्यासाठी भारताला वापरावयास दिला होता. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या 6 राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत संच बसविण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची, सुमारे 10 फूट व्यासाची छत्री प्रत्येक ठिकाणी आकाशाकडे तोंड करून उभी राहिली. सकाळी दीड तास मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. शेती, आरोग्य, शिक्षण असे त्यांचे विषय असत.

येथील भेद लक्षात घेण्यासारखा आहे. नोटेलमध्ये एकेका घरी एकेक संच आला. येथे साऱ्या गावाला मिळून एकच संच मिळाला, आणि तोही सर्वांना येता यावे अशा शाळेसारख्या सार्वजनिक जागी. आरंभी त्याच्यासमोर जत्रा जमे. नवलाई ओसरल्यावर गर्दीही बरीच ओसरली. तथापि जे येत ते घराबाहेर पडून येत, शेजाऱ्याच्या शेजारी बसत आणि पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलत बोलत परत जात. यामुळे त्या खेड्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले, असे म्हणणे धाडसाचे होईल. त्या दृष्टीने कोणी नोटेलसारखी मोजणी केलेली नाही. परंतु एवढे खरे की, एकच यंत्र एका ठिकाणी माणसांना घरात नेऊन बसविते आणि दुसऱ्या ठिकाणी घराबाहेर काढते. यंत्राचा गुण जितका यंत्रात असतो, तितकाच ते कोठे मांडले आणि त्याच्याभोवती कोण बसले यातही असतो.

पुढे संच स्वस्त झाले आणि आपल्याकडेही ते घरोघरी गेले. लोक त्यांना सरळ टीव्ही म्हणू लागले. त्यानंतर मोबाइल आला. टीव्ही घरातील सर्वांचा मिळून एक असे, त्यामुळे निदान कोणता कार्यक्रम लावावयाचा यावरून तरी घरातील माणसे एकमेकांशी बोलत, भांडत. मोबाइल ज्याचा त्याचा निराळा. चौघांचे कुटुंब एका खोलीत बसलेले असून चौघे चार ठिकाणी आहेत, असे दृश्य आता कोणास नवीन राहिलेले नाही.

मोबाइलच्या पडद्यात आणखी एक गुण आहे, तो जुन्या टीव्हीत नव्हता. पूर्वी रात्री ठरावीक वेळी कार्यक्रम संपत आणि पडद्यावर चित्र येणे बंद होई. मोबाइलवरील चित्रांना शेवटच नाही. बोटाने सरकवावे तो खालून नवे येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग येथे आठवतात. पेटीतील कबूतर एका चकतीवर चोच मारते आणि त्याला दाणा मिळतो. दर वेळी दाणा मिळत असला आणि एके दिवशी तो मिळेनासा झाला, तर कबूतर थोड्या वेळात चोच मारणे सोडून देते. परंतु दाणा कधी मिळावा, कधी मिळू नये, आणि केव्हा मिळेल हे सांगता येऊ नये, अशी व्यवस्था केली तर ते न थकता चोच मारीत राहते. पुढे दाणे बंद झाले तरी पुष्कळ वेळ थांबत नाही. मोबाइलवर बोट सरकविणाऱ्यालाही दहा निरर्थक चित्रांनंतर एखादे मनाजोगते चित्र मिळते. ते केव्हा येईल हे ठाऊक नसते. म्हणून हात थांबत नाही.

शिवाय तेथे इतरांची आयुष्ये दिसतात. माणूस स्वतःची किंमत दुसऱ्याशी तुलना करून ठरवितो, हा विचार लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 साली मांडला. त्या काळी ही तुलना वर्गातील मुलांशी, आळीतील शेजाऱ्यांशी होई, आणि त्यांचे सुख जसे दिसे तसे दुःखही दिसे. वर्गात पहिला येणारा मुलगा क्रिकेटमध्ये शून्यावर बाद होतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. मोबाइलवर मात्र शेकडो अनोळखी माणसे आपापल्या आयुष्यातील निवडक क्षण मांडतात: सहलीचे, वाढदिवसाचे, बक्षिसाचे. सामान्य दिवस कोणी मांडीत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलीला, आपण सोडून सारे जग आनंदात आहे, असे वाटू लागले तर त्याचा दोष त्या मुलाकडे जात नाही. त्यात रात्री उशिरापर्यंत प्रखर पडदा डोळ्यांसमोर असला तर झोप आणणाऱ्या द्रव्याची शरीरातील निर्मिती लांबते. आणि अपुऱ्या झोपेने चिडचिड होते, हे सांगावयास मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

मोबाइलमुळे मुलांच्या मनाची नेमकी किती हानी होते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती मोठी आहे, तर काहींच्या मते मुळात एकाकी असलेली मुलेच मोबाइलकडे अधिक वळतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर 6 माणसांपैकी 1 माणूस एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले आहे. असे माणूस म्हटले की डोळ्यांपुढे म्हातारी व्यक्ती येते. पण तरुणांतील आणि कुमारवयीन मुलांतील एकाकीपण त्या अहवालात ठळकपणे नोंदविलेले आहे.

यंत्राने केलेले उपकारही नाकारता येत नाहीत. 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, भारत सरकारने टेलि-मानस ही सेवा सुरू केली. 14416 हा क्रमांक फिरविला असता मनाने खचलेल्या कोणाही माणसाला प्रशिक्षित समुपदेशकाशी आपल्या भाषेत, विनामूल्य बोलता येते. मनाचे दुखणे सांगण्याची आपल्या समाजात लाज वाटते. डॉक्टरांच्या दारात उभे राहिलेले कोणी पाहील, या भीतीने पुष्कळजण दुखणे अंगावर काढतात. त्यांच्या बाबतीत तोंड न दाखविता बोलता येणे हाच मोठा आधार ठरतो.

त्याच वर्षी, या सेवेच्या सुमारे दोन महिने आधी, सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव येथे एक निराळीच हालचाल झाली होती. गाव सुमारे 3,000 वस्तीचे. कोरोनाच्या साथीत शाळा बंद होत्या, त्या काळात मोबाइलवरच वर्ग भरत. म्हणून घरोघरी मुलांच्या हाती मोबाइल आले. शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा मुलांचे वाचन-लेखनावरचे लक्ष उडालेले शिक्षकांच्या ध्यानात आले. शाळेआधी मोबाइल, शाळेनंतर मोबाइल. घरांत अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही. मोठी माणसे त्याच खोलीत टीव्हीवरील मालिका पाहत बसलेली. मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणावयाचे कोणत्या तोंडाने, असा पेच होता.

नोटेलच्या लोकांना असा पेच पडल्याचे कोठे नमूद नाही. त्यांना जे हरवत होते ते मोजणारे बाहेरून आले होते. वडगावच्या लोकांनी ते स्वतःच ओळखले. सरपंचांनी सुचविले की रोज संध्याकाळी दीड तास सगळ्या गावाने टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवावेत. आरंभी, हे जमणार कसे, अशी शंका अनेकांनी घेतली. काहीजण हसलेही. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची ग्रामसभा भरली आणि तिने भोंगा विकत घेण्याचा निर्णय केला. मालिका पाहणाऱ्यांत आपणच पुढे आहोत, हे ठाऊक असून बायकांनी तो केला, हे विशेष. मग आशा-सेविका, अंगणवाडी-सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर हिंडले व लोकांना समजावून सांगू लागले.

एकट्या घराने मोबाइल बंद केला, तर त्या घरातील मूल शेजारी जाऊन पाहते आणि घरी येऊन रुसते. सगळ्या गावाने एकाच वेळी बंद केला, तर रुसावयाचे कोणावर? पडद्यापाशी बसण्याची सवय एकेकट्याला लागलेली असली तरी ती सोडविण्याचे काम एकेकट्याच्या आवाक्यातील नसते, हे त्या ग्रामसभेने अचूक जाणले होते.

भोंगा देवळावर बसविला. संध्याकाळी 7 वाजता तो वाजे आणि घराघरांतील टीव्हीचे आवाज बंद होत. मुले वह्या-पुस्तके घेऊन बसत. मोठ्यांपैकी कोणी वाचीत, कोणी आपसांत बोलत बसत. साडेआठ वाजता भोंगा दुसऱ्यांदा वाजे. मग ज्याला पाहावयाचे असेल तो टीव्ही लावी.